फ्लॉपीचं वजन

हरिहरराव वैतींचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, आणि ती म्हणजे तराजू. ठाण्याच्या वजनमापे कार्यालयात ते निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की भाजीवाल्यांचे काटे आपोआप सरळ होत आणि भंगारवाल्यांना अवेळी भूक लागून ते दुकानाची फळी ओढून घेत. जे आहे त्याला वजन आहे, आणि ज्याला वजन नाही ते एक तर नाहीच किंवा मधल्यामध्ये कुणीतरी मारलंय, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या पत्नी विमलाबाई एकदा दमून म्हणाल्या होत्या, की मनावर फार ओझं आहे हो. त्यावर हरिहररावांनी अगदी आपुलकीने "किती?" असं विचारलं होतं. त्यानंतर विमलाबाईंनी ओझी मनातच ठेवायची सवय लावून घेतली.

अशा माणसाच्या मुलीने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटरवरचा गेम करायचं ठरवावं, याला काय म्हणायचं?

पंच्याण्णव सालची गोष्ट. कोपरच्या त्यांच्या घरात सगळे जेवायला बसले होते. नीला म्हणाली, "बाबा, वर्गातले सगळे लायब्ररी नाहीतर पगारपत्रक करतायत. मी गेम करणार."

"शेवटच्या वर्षाला खेळणार?"

"खेळणार नाही हो, बनवणार. आपल्या खाडीतली होडी. भरती येणार, ओहोटी लागणार, जाळं टाकायचं, मासे पकडायचे. फक्त बनवायला काहीतरी सॉफ्टवेअर लागेल. आणि ते परवडायला पाहिजे. सर म्हणतात, पगारपत्रक कर, त्यात आजवर कुणी नापास झालेलं नाही. परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांसमोर गेम चालला नाही, तर वर्ष गेलं म्हणून समज."

"सॉफ्टवेअर ना? ते माझ्यावर सोड," हरिहरराव म्हणाले. विमलाबाईंनी आमटी वाढता वाढता मनातल्या मनात कुलस्वामिनीला हात जोडले. कारण हरिहररावांनी याआधी 'माझ्यावर सोड' म्हटलं होतं ते घराच्या गळक्या टाकीबद्दल, आणि तेव्हापासून खालच्या मजल्यावरचे लोक त्यांच्याशी बोलत नव्हते.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे हरिहररावांना अर्थातच ठाऊक नव्हतं. पण न कळणारी वस्तू घेण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. आधी शेजाऱ्यांना विचारायचं. वरच्या मजल्यावरचे उत्तमराव बँकेत होते. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून ते मागे संपावर गेले होते, फाटकाबाहेर घसा बसेपर्यंत ओरडले होते. कॉम्प्युटर आला तो आलाच. पण विरोध करण्याकरता का होईना, त्याचं नाव रोज तोंडात असल्यामुळे सबंध बिल्डिंगमध्ये त्या विषयातले तेच अधिकारी मानले जात.

"कंपनीचं घ्या हरिहरराव, सुटं घेऊ नका," उत्तमराव म्हणाले. "आणि जेवणाच्या सुट्टीनंतर चालतं का, ते बघून घ्या. आमच्या ब्रँचमधलं दुपारनंतर हलतच नाही."

"का बुवा?"

"संगतीचा परिणाम!"

तळमजल्यावरच्या रखमाबाईंचा सल्ला जास्त व्यवहारी होता. आता कशाला घेताय, दिवाळीला घ्या, सोबत स्टीलचा डबा तरी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. हरिहररावांनी दोन्ही सल्ले डोक्यात नीट ठेवले.

तोवर कॉलेजातून नीलाचा अर्ज परत आला. 'गेम' हा विषय अभ्यासक्रमात बसत नाही, असा विभागप्रमुखांचा शेरा होता. नीलाचा चेहरा उतरला, पण हरिहररावांचा मात्र खुलला. सॉफ्टवेअरच्या प्रांतात ते परके असतील, पण हा त्यांच्या घरचा प्रांत होता. "हे बघ बाळ," ते म्हणाले, "सरकारी कामात न बसणारी गोष्ट नसतेच. तिचं नाव चुकलेलं असतं." आणि चष्मा पुसून त्यांनी नवीन अर्जावर विषय घातला, 'कॉम्प्युटराइज्ड सिम्युलेशन ऑफ क्रीक नेव्हिगेशन अंडर टायडल कंडिशन्स'. विभागप्रमुखांनी तो वाचला आणि पोरीकडे काळजीने बघत विचारलं, "एवढं मोठं काम एकटीला झेपेल ना?" आणि सही केली.

आता राहिली खरेदी. ठाण्यात बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एका तळघरात चंदूचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दाराशी पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. हरिहररावांनी बूट काढले, मोजे काढले आणि आत पाऊल टाकलं. आत गार वारा होता, मंद उजेड होता, कुठेतरी अखंड बारीक गुणगुण चालू होती. पाटावर ठेवावं तसं एक यंत्र टेबलावर ठेवलं होतं, आणि त्याच्या काचेवर अंगठ्याएवढा एक माणूस पळत होता. चंदूने बटण दाबलं की तो उडी मारी. पुन्हा दाबलं की पुन्हा मारी. मागे ना दोरी, ना चाक, ना हात. हरिहररावांचे दोन्ही हात आपोआप छातीपर्यंत वर आले. मग आजूबाजूला गिऱ्हाइकं आहेत हे लक्षात येऊन त्यांनी ते केसांवरून फिरवून घेतले.

"असा माणूस बनवायचं सॉफ्टवेअर पाहिजे," ते हळू आवाजात म्हणाले.

"भेटेल ना साहेब. ओरिजनल पाहिजे का कॉपी? ओरिजनल घ्याल तर तेवढ्यात नवीन स्कूटर येते. कॉपी घ्या, सेम टू सेम, एकदम सस्त्यात."

"कॉपी म्हणजे नेमकं काय करता?"

"काय नाय, या फ्लॉपीतला माल त्या फ्लॉपीत टाकायचा."

"मग या फ्लॉपीतला कमी होत असेल."

"नाय ओ साहेब! हिच्यात आहे तेवढाच राहतो."

हरिहरराव स्टुलावर बसले. उभ्या हयातीत त्यांनी दूधवाले पकडले होते, रॉकेलवाले पकडले होते, तळाला मेण लावलेली मापं जप्त केली होती. पण मापातून माल काढला आणि माप भरलेलंच राहिलं, असा प्रकार त्यांनी ना पाहिला होता, ना ऐकला होता. त्यांना घाम फुटला. तरीही कर्तव्य सुटलं नाही. "कॉपीचं बिल मिळेल?" त्यांनी विचारलं.

चंदू मनापासून हसला. हरिहररावांनी खिशातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. "मी वजनमापे खात्यात आहे. मला चोरीचा माल चालत नाही." चंदूचं हसू थांबलं. मग त्याने कंपनीनेच जाहिरातीसाठी फुकट वाटलेली एक नमुन्याची फ्लॉपी दिली आणि सोबत एक कोरी. "ही नेऊन चालवून बघा साहेब. नमुना आहे, एकदम लीगल."

फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढं चौकोनी काळं पाकीट, हात लावला तर लवणारं. त्याला मध्ये भोक आणि कडेला एक उघडी खिडकी. त्या खिडकीतून आतली तपकिरी तबकडी चकाकताना दिसे. एक भरलेली, एक कोरी. हरिहरराव त्या घेऊन घरी गेले नाहीत. सरळ ऑफिसात गेले.

ऑफिसात काचेच्या पेटीत एक तराजू होता. सोनारांची वजनं त्याच्यावर तपासत. तो इतका हळवा होता, की जवळ बोलतानाही तोंडावर रुमाल धरावा लागे. हरिहररावांनी रुमाल बांधला, एका पारड्यात कोरी फ्लॉपी ठेवली, दुसऱ्यात भरलेली, आणि खटका सोडला. काटा जरा थरथरला आणि बरोबर मध्यावर येऊन थांबला. त्यांनी पारडी बदलली. काटा पुन्हा मध्यावर. सगळं ऑफिस टेबलाभोवती गोळा झालं, साहेबसुद्धा.

"वैती," शेजारच्या टेबलावरचे तानाजीराव म्हणाले, "उघड आहे. माल भरलेलाच नाही. खटला करा."

हरिहरराव ताडताड पुन्हा तळघरात गेले. या वेळी मोजे काढायचंही त्यांना भान राहिलं नाही. "ही रिकामी आहे!" ते गरजले. चंदूने निमूटपणे फ्लॉपी यंत्राच्या फटीत सरकवली. यंत्र क्षणभर कुरकुरलं, आणि काचेवर निळं आकाश आलं, डोंगर आले, झाडं आली, एक पक्षीसुद्धा उडून गेला.

हरिहररावांनी वाकून काचेच्या मागे पाहिलं. मग त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "आणि याचं वजन?"

"वजन नसतंच ना साहेब याला."

हरिहरराव शपथेवर सांगू शकले असते, की त्या दिवसाइतके ते कधीच घाबरले नव्हते आणि त्या दिवसाइतका आनंदही त्यांना कधी झाला नव्हता. आपल्या सिद्धांताच्या चिंध्या झाल्या, याचं दुःख व्हायला हवं होतं. पण ते डोंगर डोळ्यांपुढून हलेनात. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि दोन्ही फ्लॉप्या देव्हाऱ्यात खालच्या फळीवर ठेवल्या. दुसरी योग्य जागा त्यांना सुचेना.

पुढे नमुन्याची फजिती झाली ती वेगळीच. नीलाने कॉलेजात ती चालवून तिच्यात होडी करून पाहिली. होडी छान निघायची, पण खाडीच्या मध्यावर गेली की थांबायची, आणि पुढे जायचं असेल तर पूर्ण सॉफ्टवेअर विकत घ्या म्हणून कंपनीचा पत्ता यायचा.

"बाबा," नीला चाचरत म्हणाली, "कॉलेजच्या मशीनमध्ये ना, बेसिक म्हणून एक सॉफ्टवेअर आहे. मशीनसोबत आपोआप आलेलं. त्यात होईल, सगळं हाताने लिहावं लागेल एवढंच. फुकट आहे."

"फुकट?" हरिहररावांच्या भुवया वर गेल्या. मिठावर काडेपेटी फुकट देणाऱ्या दुकानात मीठ हमखास कमी भरतं, हा त्यांचा अनुभव होता. "चांगलं असेल तर बाकीची पोरं का वापरत नाहीत?"

"फुकट आहे म्हणूनच."

म्हणजे एवढी वणवण केली, शेजाऱ्यांपुढे अज्ञान उघडं केलं, भर ऑफिसात शोभा झाली, आणि हवी ती वस्तू पोरीच्या समोर पहिल्या दिवसापासून पडलेली! हरिहररावांना ते फार लागलं. संध्याकाळभर ते गॅलरीत पाठ करून बसले. शेवटी विमलाबाईंनी सांगितलं, की अहो, कोरी फ्लॉपी तुम्हीच आणलीत ना, पोर लिहिणार कशावर नाहीतर? तेव्हा कुठे ते जेवायला आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चंदूकडून आणखी एक कोरी आणली, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून.

नीला कॉलेजात होडी करू लागली. झालेलं काम ती दोन्ही कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून आणी, आणि हरिहरराव त्या रात्री देव्हाऱ्यात ठेवत. येता-जाता बोटांनी हवेत आकडे मोजायची, जेवताना पाण्याच्या लाटा पुटपुटायची. हे सगळं एका कोपऱ्यातून हरिहररावांची आई बघत होती. मनुबाईंचं उभं आयुष्य बाळकुमच्या खाडीवर गेलेलं. बाप होडीवाला, नवरा होडीवाला. मुलगा तराजूकडे गेला, याचं शल्य त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता नात होडी बनवतेय म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"लाकूर कोनचा घेतलंस गो बाय?"

"आजी, लाकडाची नाही गं. आकड्यांची होडी आहे."

"आकऱ्यांची? ती पान्यात तरंगल?"

"तरंगते की. परवा तर नीट वळलीपण."

मनुबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तुजा आजा असता तर खुळावला असता. पान्यात कदी सोरतंस?"

"परीक्षेच्या दिवशी."

मनुबाईंनी मान डोलावली. आणि इथेच सगळं बिनसलं, कारण या उत्तरात पुढचं सगळं आलं होतं आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कोळ्याच्या घरची होडी कोरडी पाण्यात जात नाही. तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लागतं, अक्षता लागतात, आणि नारळ फुटल्याशिवाय ती किनारा सोडत नाही. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नीला न्हाणीघरात होती आणि देव्हाऱ्यात दोन होड्या होत्या. मनुबाईंनी एक हातात घेऊन उलटीसुलटी केली. नाळ कुठली? कडेच्या खिडकीतून तबकडी चकाकत होती. हीच असणार, उघडी आहे म्हणजे इथेच लावायचं. त्यांनी पाण्यात कुंकू कालवलं, हळद कालवली, आणि अंगठ्याने ठसठशीत रेघ ओढली. मग दुसरी उचलली. एकीला लावलं आणि दुसरीला नाही, असा दुजाभाव त्यांनी आयुष्यात केला नव्हता. दोन्ही चांगल्या सुकल्यावर पाकिटात घालून त्यांनी नीलाच्या पिशवीत ठेवल्या. वर एक नारळ ठेवला.

कॉलेजात सगळेच गेले. हरिहररावांनी रजा टाकली होती. प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांची रांग बघून मनुबाईंना फार बरं वाटलं, रीत पाळतात म्हणून. नीलाने सर्वांच्या आधी आत जाऊन फ्लॉपी फटीत सरकवली. यंत्र खरखरलं. पुन्हा खरखरलं. काचेवर अक्षरं आली, की हे वाचता येत नाही. प्रयोगशाळेतल्या सहायकाने फ्लॉपी ओढून काढली, तेव्हा यंत्राचं तोंड पान खाल्ल्यासारखं लाल झालं होतं. दुसरी फ्लॉपी शेजारच्या यंत्रात घातली. त्याचंही तोंड रंगलं.

कॉलेजच्या यंत्रांत गेमची एक प्रत होती. पण परीक्षेसाठी म्हणून आदल्या दिवशीच मुलांचं सगळं काम पुसून यंत्रं लख्ख केली होती. छापील अहवालात सगळं लिहिलेलं होतं. पण अहवाल विभागप्रमुखांच्या कपाटात होता, किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात होती, आणि विभागप्रमुख दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते.

हरिहररावांच्या कानशिलांत रक्त तापलं. ते रागाने आईकडे वळले. मनुबाई दाराशी अनवाणी उभ्या होत्या. पदर डोक्यावर, नारळ छातीशी धरलेला, डोळे त्या यंत्रावर लागलेले, नवीन होडीकडे बघावं तसे. हरिहरराव पुन्हा यंत्राकडे वळले. पोरीचं वर्ष गेलं, ते त्यांना समोर दिसत होतं, आणि ओरडायला मात्र कुणी नव्हतं.

"काय झाला गो? मी कुंकू लावलाय, भिऊ नको," मनुबाई म्हणाल्या.

नीलाने फ्लॉपीकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, पण ती म्हणाली, "काही नाही आजी. होडी जरा उशिरा सुटेल."

हरिहररावांना शाळेपासून आडनावाचा राग होता. वैती म्हणजे इंग्रजी हजेरीत कायम तळाला. रेशन शेवटी, बढती शेवटी. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पूर्वजांचे आभार मानले. नीलाचा नंबर सगळ्यात शेवटचा होता, आणि परीक्षक अजून शीळफाट्याला ट्रकांच्या मागे अडकले होते.

"सर, मी माझ्या नंबरपर्यंत त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसू?" नीलाने सहायकाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती बसली.

काच काळी होती. त्यात काहीच नव्हतं. नीलाने क्षणभर डोळे मिटले आणि टाइप करायला घेतलं. एक ओळ, तिच्या खाली दुसरी. कुठे बघून नाही, कुणाला विचारून नाही. मध्येच थांबायची, ओठ हलवायची, बोटांनी हवेत लाट काढायची, आणि पुन्हा बोटं चालू. ओळी वर सरकत होत्या, खालून नव्या येत होत्या. परीक्षक आले, चहा झाला, पगारपत्रकं झाली, लायब्रऱ्या झाल्या. हरिहरराव तिच्या मागे उभे होते. काही म्हणता काही त्यांना कळत नव्हतं, पण अंगावर काटा आला होता. हिला आपण अंगाखांद्यावर खेळवलं, बोट धरून बालवाडीत सोडलं, आणि हिच्या आत सबंध खाडी भरलेली आहे, हे आपल्याला कधी कळलंच नाही, या विचाराने त्यांना गदगदून आलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. काटा हलू नये म्हणून धरत तसाच.

नंबर आला तेव्हा सगळं झालं नव्हतं. पूल राहिला होता, आवाज राहिला होता, मासा एकाच जातीचा होता.

"टायडल कंडिशन्स?" परीक्षक दमलेल्या आवाजात म्हणाले. "तक्ते दाखवा."

"सर, तक्ते नाहीत. हे बटण दाबा."

परीक्षकांनी दाबलं. काळ्या काचेवर निळं पाणी पसरलं आणि एक छोटी होडी डुलत पुढे निघाली. परीक्षक पुढे झुकले. त्यांनी जाळं टाकलं, मासा निसटला. पुन्हा टाकलं. तेवढ्यात ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. परीक्षक खाडखाड बटणं दाबू लागले.

"आरं पोरा, भरतीची वाट बघ जरा!" मनुबाई दारातून ओरडल्या.

परीक्षकांनी मुकाट्याने बटण सोडलं. पाणी चढलं, होडी सुटली. चहा गार झाला तरी परीक्षक उठेनात. "अजून एकदाच," असं ते नीलाला विनवल्यासारखं म्हणत होते. शेवटी त्यांनी शेरा लिहिला, 'काम उत्कृष्ट. मासे वाढवावेत.' मनुबाईंनी कॉलेजच्या पायरीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा परीक्षकांच्या हातावर ठेवला. यंत्रांची लाल तोंडं पुसून वैतागलेल्या सहायकालाही एक मिळाला.

दुसऱ्या दिवशी हरिहरराव ऑफिसात जरा लवकर गेले. पेटी उघडली, रुमाल बांधला. एका पारड्यात नमुन्याची फ्लॉपी ठेवली, ती डोंगर-झाडंवाली. दुसऱ्यात कुंकवाची. खटका सोडला. काटा थरथरला आणि कुंकवाच्या बाजूला हळूच झुकला.

"या वेळी फरक दिसतोय," मागून तानाजीराव म्हणाले. "हिच्यात काय भरलंय?"

"काही नाही," हरिहरराव म्हणाले. "ही वाया गेलेली आहे."

तानाजीराव जागेवर गेले. हरिहरराव बराच वेळ त्या झुकलेल्या काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ती फ्लॉपी हलक्या हाताने उचलून टेबलावर ठेवली. तपासून खऱ्या ठरलेल्या वजनांवर मारायचा खात्याचा शिक्का समोरच होता. हे नियमात बसत नव्हतं. पण कुठल्या नावाखाली बसेल, याचा त्यांनी थोडा विचार केला, आणि शिक्का उचलला.